स्वित्झर्लंडमध्ये शहरातलं देखणं पण परवडणारं हॉटेल कसं निवडायचं?

विश्रामबाग (सांगली)

नमस्कार मंडळी. मेच्या मध्यावर सात रात्रींसाठी स्वित्झर्लंडचा बेत आहे. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि आई-अण्णा, असे पाच जण. टूर कंपनीबरोबर जायचं नाही. शहरात राहायचं, रेल्वे-ट्रामनं फिरायचं आणि संध्याकाळी नदीकाठी निवांत चालून यायचं, असं मनात आहे.

हॉटेल पंचतारांकित नको. नव्या धाटणीचं, स्वच्छ, आत पाऊल टाकल्यावर प्रसन्न वाटेल असं आणि स्टेशनच्या जवळ हवं. खोलीमागे रात्रीला १८० ते २०० फ्रँक ही मर्यादा. फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेलाय, म्हणजे दोन खोल्यांचे रात्रीला चाळीस हजारांच्या पुढे जातात. त्याहून जास्त झेपणार नाही.

एक गोष्ट कळत नाही. झुरिकमध्ये एकाच हॉटेलची तीच खोली मंगळवारी २६० आणि शनिवारी १५० फ्रँक दिसते. आपल्याकडे महाबळेश्वरला शनिवार-रविवारी भाव चढतात, तिथं उलटं का? शिवाय शहर एकच धरावं की दोन? पाच जणांना दोन खोल्या पुरतील का? आईला गुडघ्याचा त्रास आहे, अण्णा पक्के शाकाहारी. विमान मुंबई-झुरिक थेट घेणार आहोत. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

कृष्णाकाठ (कराड)

दादा, भावाचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचा सगळा बेत त्यावर उभा राहतो.

झुरिक, बाझल आणि जिनिव्हा ही कामकाजाची शहरं. झुरिकला बँका आणि विमा, बाझलला औषध कंपन्या, जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांची कार्यालयं. तिथली हॉटेलं सोमवार ते गुरुवार कंपनीच्या खर्चानं आलेल्या लोकांनी भरतात आणि शुक्रवारी दुपारी रिकामी होतात. त्यामुळे शुक्रवार, शनिवार आणि रविवारच्या रात्री तिथं खोली स्वस्त मिळते. ल्युसर्न आणि इंटरलाकेन पर्यटकांची ठिकाणं, तिथं महाबळेश्वरचाच नियम लागू: शनिवार महाग, मंगळवार-बुधवार स्वस्त. बर्नचं गणित वेगळं आहे. ती राजधानी, संसदेची अधिवेशनं मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरात साधारण तीन-तीन आठवडे चालतात. त्या काळात आठवड्याच्या मधल्या रात्री बर्नमध्ये बरी खोली शोधूनही सापडत नाही.

म्हणजे तुमच्या बजेटमध्ये देखणं हॉटेल बसवायचं असेल तर आधी वार ठरवा, हॉटेल त्यानंतर. मुंबईहून थेट विमान मध्यरात्रीनंतर सुटतं आणि सकाळी सहा-साडेसहाला झुरिकला उतरतं. गुरुवारच्या रात्री विमानतळावर पोहोचून शुक्रवारी सकाळी उतरायचं. शुक्र, शनि, रवि या तीन रात्री झुरिक किंवा बाझल. सोमवारी दुपारी ल्युसर्नला जायचं आणि सोम, मंगळ, बुध, गुरू या चार रात्री तिथं. शुक्रवारी परत. ल्युसर्नहून झुरिक विमानतळाला थेट गाडी आहे, तास-सव्वा तास लागतो. झुरिक-ल्युसर्न अंतर सातारा-कराड एवढंच, गाडीला पाऊण तास लागतो, त्यामुळे हॉटेल बदलण्यात अर्धा दिवससुद्धा मोडत नाही.

तारखा पक्क्या करण्याआधी मोठे कार्यक्रम तपासा. बाझलला जूनच्या मध्यावर कलेचा जागतिक बाजार भरतो, त्या आठवड्यात भाव दुप्पट-तिप्पट होतात. झुरिकला ऑगस्टमध्ये स्ट्रीट परेड ही संगीताची मोठी मिरवणूक असते. जानेवारीत दावोसच्या परिषदेमुळे झुरिकही भरतं. जिनिव्हाला वसंतात घड्याळांचं प्रदर्शन असतं. मेच्या मध्यावर यातलं काही नाही, पण ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी येणारी गुरुवारची सुट्टी आणि त्यानंतर दीड आठवड्यानं येणारा पेंटेकॉस्टचा सोमवार, यांतली पहिली सुट्टी बहुतेक वर्षी मेमध्ये पडते, दुसरी मे किंवा जूनमध्ये. त्या जोडसुट्ट्यांत स्विस लोक स्वतः तळ्याकाठी आणि डोंगरात जातात. ल्युसर्न भरतं, झुरिक-बाझल मोकळं होतं. तुमच्या तारखा त्यात आल्या तर झुरिक-बाझलला एक रात्र वाढवून ल्युसर्नची एक कमी करा.

आता गेस्ट कार्ड. बाझल, बर्न, ल्युसर्न, जिनिव्हा आणि लोझान इथं हॉटेलात राहणाऱ्याला शहरातल्या बस-ट्रामचा पास फुकट मिळतो. हॉटेल तो ईमेलनं पाठवतं किंवा चेक-इनच्या वेळी देतं. बाझलला तर आल्या दिवशी बुकिंगचा कागद दाखवून स्टेशनवरून हॉटेलपर्यंत ट्रामनं फुकट जाता येतं. बर्नच्या पासात गुर्टेन टेकडीची केबल रेल्वेही येते. झुरिक मात्र असं काही देत नाही. विमानतळ ते मुख्य स्टेशन एका माणसाचे सात फ्रँकच्या आसपास, आणि २४ तासांचा पास त्याच्या दुप्पट. पाच जण, तीन दिवस, असा हिशेब घातला तर झुरिकचं १५ फ्रँकनं स्वस्त दिसणारं हॉटेल बाझलच्या हॉटेलपेक्षा महाग पडतं. म्हणून माझं मत बाझलला. झुरिक स्टेशनहून गाडीनं तासाभराच्या आत पोहोचता, आणि राइनचा काठ संध्याकाळी चालायला फारच सुंदर आहे.

यात स्विस ट्रॅव्हल पासचा (देशभर रेल्वे, बस, बोटीनं फिरायचा पर्यटकांचा पास) विचार वेगळा करावा लागतो. त्या पासात नव्वदहून जास्त गावांची शहर वाहतूक येतेच, त्यामुळे पास चालू असलेल्या दिवशी गेस्ट कार्डाचा उपयोग उरत नाही. शहरातच थांबायचे दिवस कार्डावर काढा, आणि दूरच्या प्रवासाच्या दिवसांना फ्लेक्स पास (त्याचाच प्रकार, दिवस आपण निवडायचे) लावा. मुलीचं तिकीट घेऊ नका. आई-वडिलांकडे पास असेल तर ६ ते १५ वयाच्या मुलांना फॅमिली कार्डावर मोफत प्रवास आहे. ते कार्ड पास घेतानाच मागायचं, त्याला पैसे पडत नाहीत.

अजिंक्यतारा (सातारा)

खोलीबद्दल मी लिहिते. फोटो पाहून निवडलेली खोली प्रत्यक्षात अडचणीची ठरते ती इथंच.

कमी भावात देखणेपण देणाऱ्या हॉटेलांचं गणित सरळ आहे: खोली लहान, लॉबी मोठी. मोटेल वन, सिटिझनएम, मॉक्सी, इबिस स्टाइल्स, ट्वेंटीफाइव्ह अवर्स, ही सगळी साखळी हॉटेलं त्याच वाटेनं जातात. खोली १४ ते १८ चौरस मीटर, म्हणजे दीडशे ते एकशे नव्वद चौरस फूट. कपाटाऐवजी खुंट्या आणि उघडी दांडी, मिनीबार नाही, खोलीत जेवण मागवायची सोय नाही. त्याबदल्यात पलंग आणि चादरी उत्तम, शॉवरला पाण्याचा दाब भरपूर आणि लॉबीत बसायला ऐसपैस जागा. झुरिक वेस्टचं ट्वेंटीफाइव्ह अवर्स आल्फ्रेडो हेबर्ली या डिझायनरनं सजवलंय, नुसतं पाहायला म्हणूनही छान आहे. तो पूर्वीचा कारखान्यांचा भाग, आता तिथं प्राइम टॉवर आणि रेल्वे पुलाच्या कमानींखाली दुकानं आहेत. चार नंबरची ट्राम थेट मुख्य स्टेशनला नेते. अशा खोलीत दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडून ठेवता येत नाहीत. माणशी एक मध्यम बॅग, एवढंच सामान घ्या.

आता बाथरूम. नव्या धाटणीच्या बऱ्याच हॉटेलांत बाथरूमला भिंतीऐवजी काच असते. कुठं धूसर, कुठं अर्धीच धूसर, आणि कुठं शॉवर थेट खोलीतच काचेच्या गोल कपाटासारखा. जोडप्याला चालतं. सासू-सासरे किंवा आई-वडील आणि नात एका खोलीत असतील तर अजिबात चालत नाही. वेबसाइटवरचे फोटो कोन साधून काढलेले असतात, त्यावरून कळत नाही. त्याच खोलीच्या प्रकाराचे पाहुण्यांनी टाकलेले फोटो पाहा, आणि हॉटेलला सरळ विचारा की बाथरूमला बंद होणारं दार आणि आरपार न दिसणारी भिंत आहे का.

पलंगाची तीन तऱ्हा आहेत. नेहमीच्या डबल बेडमध्ये एका चौकटीत दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं असतात, मधल्या फटीत मूल झोपवलं तर ते रात्रभर खाली सरकतं. फ्रेंच बेड किंवा ग्राँ ली म्हणजे एकच गादी, बहुतेक वेळा १४० सेंटिमीटर रुंद. दोन मोठ्यांना ती कमी पडते. तिसरी तऱ्हा सिटिझनएमची: खिडकीखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोठा पलंग, तीन बाजू बंद. आत झोपलेल्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या पायाकडून सरकत बाहेर यावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आईंसाठी ही खोली घेऊ नका, कितीही सुंदर दिसली तरी.

आईंसाठी एक चांगला उपाय आहे. बहुतेक नव्या हॉटेलांत चाकाच्या खुर्चीवरच्या पाहुण्यांसाठी दोन-तीन खोल्या असतात. शॉवरला उंबरठा नाही, आत बसायला फळी, भिंतीला धरायला दांडे, दार रुंद आणि खोली थोडी मोठी. भाव बहुधा तोच. ज्याला खरोखर गरज आहे त्याचा हक्क आधी, पण खोली मोकळी असेल आणि गुडघ्याचं कारण कळवलं तर हॉटेल देतं. ती मिळाली नाही तर निदान ‘टब नको, शॉवर हवा’ एवढं लिहा. जुन्या हॉटेलांत टबची कड गुडघ्याच्या वर येते आणि ओला पाय टाकून चढायचं म्हणजे धोकाच.

जुन्या गावातल्या इमारतींत लिफ्ट असली तरी ती कधी कधी अर्ध्या जिन्यानंतर सुरू होते. रस्ते दगडी, बॅगेची चाकं खडखडतात. शिवाय चर्चच्या घंटा रात्रीही दर पाव तासाला वाजतात. झोप हलकी असेल तर अंगणाच्या बाजूची खोली मागा. एसी सगळीकडे नसतो, जुन्या इमारतींत तर नसतोच. मेमध्ये त्याची गरज पडत नाही. जूनअखेर ते ऑगस्ट जाणाऱ्यांनी मात्र विचारून घ्यावं, कारण उष्णतेच्या लाटेत खिडकी उघडी ठेवली की ट्रामचा आवाज येतो आणि बंद केली की उकडतं.

आणि दोन लहान गोष्टी. स्विस सॉकेट षटकोनी, आत खोलगट, तीन गोल भोकांचं असतं. मोबाइल चार्जरच्या दोन बारीक पिना त्यात बसतात, पण चार्जर ठोकळ्यासारखा असेल तर त्याचं बूड खाचेच्या कडेला अडतं. आपली तीन पिनांची पिन जात नाही. बाजारात ‘युरोप अडॅप्टर’ म्हणून मिळणारा जाड गोल अडॅप्टर जर्मनी-फ्रान्सचा, तोही जात नाही. ‘टाइप जे’ लिहिलेला मागा. एक अडॅप्टर आणि घरचा छोटा एक्स्टेंशन बोर्ड घेतला की पाच फोनांचं भागतं. दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट. दुसरं, संडासात जेट स्प्रे नसतो. प्लॅस्टिकचा मग सोबत ठेवा. पाण्याचा निचरा फक्त शॉवरच्या आत असतो, बाहेर फरशीवर पाणी सांडलं तर ते खोलीत येतं, हे अण्णांना आधी सांगून ठेवा.

मिरज जंक्शन

कृष्णाकाठ यांचं बाझलबद्दल पटलं. त्यात एक भर. बाझलची आठ नंबरची ट्राम जर्मनीत वाइल आम राइनला जाते, तीन नंबरची फ्रान्समध्ये सेंट लुईला. सीमेपलीकडच्या या दोन गावांत तशाच साखळी हॉटेलांची खोली स्वस्त पडते. ट्रामनं पंधरा-वीस मिनिटांत शहरात. पाच माणसांच्या बजेटला हा पर्याय जास्त चांगला नाही का?

कृष्णाकाठ (कराड)

एकट्या-दुकट्याला चांगला आहे. यांच्यासाठी मी सुचवणार नाही. कारणं दोन.

पहिलं, ती हॉटेलं बाझलची नाहीत, त्यामुळे गेस्ट कार्ड मिळत नाही. पाच जणांचं रोजचं जाण्या-येण्याचं तिकीट धरलं की वाचलेले फ्रँक बरेचसे तिथंच जातात.

दुसरं आणि मोठं, व्हिसा. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे करायचा असतो. तीन रात्री जर्मनीत आणि चार स्वित्झर्लंडमध्ये असतील तर नियमात बसतं, पण मग ल्युसर्नची एक रात्र जरी कमी करून तिकडे वाढवलीत तर सगळा अर्जच चुकीच्या देशाकडे गेल्यासारखा होतो. सगळ्या रात्री स्वित्झर्लंडमध्ये असल्या की हा प्रश्नच उरत नाही.

बजेट ताणायचं नसेल तर स्वित्झर्लंडच्या आतच स्विस युथ होस्टेल पाहा. नावावर जाऊ नका. बाझलचं सेंट आल्बान होस्टेल जुन्या रेशमी फितींच्या कारखान्यात आहे, काँक्रीट आणि ओक लाकडातलं त्याचं काम वास्तुकलेचे विद्यार्थी बघायला येतात. बाथरूमसह दोघांची आणि कुटुंबाची खोली मिळते, नाश्ता आणि चादरी भाड्यातच येतात. सदस्य नसलेल्याला रात्रीमागे थोडा जादा आकार पडतो. बर्नचं होस्टेल संसद भवनाच्या खालच्या अंगाला आरे नदीच्या काठावर आहे, तेही नवं केलेलं. ‘देखणं आणि परवडणारं’ या दोन्ही अटी इथं पुऱ्या होतात. फक्त खोल्या थोड्या, त्यामुळे चार-पाच महिने आधी ठरवावं लागतं.

विश्रामबाग (सांगली)

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. वारांचं कोडं सुटलं. बाझल तीन, ल्युसर्न चार असं जवळपास ठरलं. ल्युसर्नला जुन्या तुरुंगाचं केलेलं एक हॉटेल आहे, मुलीला ते फार आवडलंय. घ्यावं का? आणि खाण्याचं कसं? खोलीत थोडंफार करून घेतलं तर चालतं का? आई पिठलं-भाकरीचं साहित्य आणि कंदी पेढे घ्यायचं म्हणतेय.

तासगाव बेदाणा

खोलीत स्वयंपाक नको. विजेची शेगडी किंवा कॉइल लावली, फोडणी दिली की छतावरच्या धूर ओळखणाऱ्या यंत्रणेचा डोळा लागलीच जागा होतो. बऱ्याच हॉटेलांत ती यंत्रणा थेट अग्निशमन दलाला जोडलेली असते. गाडी आली की खोट्या इशाऱ्याचं बिल हॉटेलला लागतं आणि हॉटेल ते तुमच्या कार्डावर टाकतं. रक्कम शेकड्यांत जाते. करून खायचंच असेल तर सुरुवातीपासून स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट हॉटेल घ्या, झुरिक-बाझलला ती भरपूर आहेत. पाच जणांना ते दोन खोल्यांपेक्षा स्वस्तही पडू शकतं. फक्त सफाई रोज नसते आणि शेवटी सफाईचा वेगळा आकार आहे का ते पाहून घ्या.

खोलीत चहाची किटली बहुतेक स्वस्त हॉटेलांत नसते. घरून लहान किटली न्या. पाणी उकळायला हरकत नसते, फक्त वाफ थेट छताच्या यंत्राखाली सोडू नका. उकळत्या पाण्यात होणारं तयार पोहे, उपमा, सूप एवढं सोबत असलं की सकाळ निघून जाते. नळाचं पाणी पिण्याचंच आहे, बाटल्या विकत घेऊ नका. झुरिकमध्ये तर रस्त्यावर पिण्याच्या पाण्याची बाराशेहून जास्त कारंजी आहेत.

पेढे नेऊ नका. युरोपाबाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. साताऱ्याचे कंदी पेढे, तूप, पनीर, खवा सगळं त्यात आलं. ताजी फळं-भाज्याही नाहीत. मे महिना असला तरी हापूस नाही, तासगावची द्राक्षं नाहीत, कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नाहीत. बेदाणे चालतात, भडंग चालतो, हळद-तिखट, शेंगदाण्याची चटणी, बेसन, भाजणी चालते. भडंग घरीच छोट्या पिशव्यांत भरून घ्या. रेल्वेत पाच जणांची दुपारची भूक भागवायला त्यासारखं दुसरं काही नाही.

हॉटेलचा नाश्ता माणशी १५ ते २५ फ्रँक, वरच्या हॉटेलांत त्याहून जास्त. खोली नाश्त्याशिवाय घ्या आणि पहिल्या सकाळी समोर काय मांडलंय ते पाहून ठरवा, आयत्या वेळी पैसे भरून बसता येतं. अण्णांसाठी त्यात पाव, लोणी, जॅम, फळं, दही आणि बिरशर म्यूस्ली (भिजवलेले ओट्स आणि फळं) एवढं असतं. चीजबाबत एक लक्षात ठेवा: ग्रुयेरसारखी पारंपरिक स्विस चीज वासराच्या जठरातल्या पदार्थानं विरजतात. पक्के शाकाहारी असाल तर पिवळ्या-हिरव्या ‘व्ही’ चिन्हाचं चीज दुकानातून घ्या. बटाट्याच्या रोष्टीत ‘श्पेक’ लिहिलं असेल तर त्यात डुकराचं मांस आहे.

जेवायला झुरिकला हिल्टल, १८९८ पासून चालू असलेलं शाकाहारी उपाहारगृह. टिबिट्स तर बाझल, बर्न, ल्युसर्न, झुरिक सगळीकडे आहे, ल्युसर्नला स्टेशनातच. ताट भरायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. दोन वेळा थोडं-थोडं घ्या, भात आणि ओल्या भाज्यांनी काटा पटकन वर जातो. मिग्रो आणि कोप या सुपरमार्केटांच्या स्वतःच्या उपाहारगृहांत त्याहून स्वस्तात भागतं. रविवारी शहरातली दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांमधली उघडी असतात. तुमचा रविवार बाझलला येतोय, म्हणून शनिवारी संध्याकाळी दूध, दही, फळं, पाव भरून ठेवा.

अजिंक्यतारा (सातारा)

तुरुंगाच्या हॉटेलबद्दल. जुन्या कोठड्यांच्याच खोल्या केल्यात, जाड भिंती, लहान खिडक्या, रुंदी कोठडीएवढीच. तरुण मंडळींना एका रात्रीची गंमत म्हणून ठीक, आई-अण्णांना चार रात्री कोंडल्यासारखं होईल. मुलीला बाहेरून दाखवा, जुन्या गावातच आहे.

ल्युसर्नला स्टेशनजवळच्या नॉयश्टाट भागात शोधा. चालत दहा मिनिटं, रस्ता सपाट, जुन्या गावापेक्षा भाव कमी आणि हॉटेलं नवी. तळ्याच्या बाजूच्या खोलीला जादा पैसे देऊ नका, दिवसभर तुम्ही बोटीवर आणि रिगी डोंगरावरच असणार. रिगी स्विस ट्रॅव्हल पासात पूर्ण येतो आणि वर जायला दातेरी रुळांची रेल्वे आहे, आईंना चढ चढावा लागत नाही.

दोन खोल्यांचं असं करा: एक खोली ‘दोन मोठे आणि नऊ वर्षांचं एक मूल’ अशी, वय लिहून शोधा. दुसरी आई-अण्णांची. मूल लपवून दोघांची खोली घेऊ नका. आगीच्या नियमांमुळे माणसांची संख्या काटेकोर पाळतात, आयत्या वेळी जादा पलंग ठेवायला जागाच नसते आणि तिसऱ्यासाठी वेगळी खोली घ्यायला लावतात. तिसरा पलंग मिळणारी हॉटेलं थोडी, त्यामुळे शोधाची सुरुवात त्या खोलीपासून करा, आई-अण्णांची खोली त्याच हॉटेलात सहज मिळते.

मिरज जंक्शन

पैशांबद्दल मी लिहितो.

व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग घ्या. परत न मिळणाऱ्या भावापेक्षा ते थोडं महाग असतं, पण व्हिसा लांबला तर सात रात्रींचे पैसे बुडत नाहीत. व्हिसा आल्यावर भाव पुन्हा पाहा, उतरला असेल तर नवं घेऊन जुनं रद्द करा. रद्द करण्याची मुदत स्विस वेळेनुसार असते. मेमध्ये ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे तिथली संध्याकाळी सहाची मुदत आपल्याकडे रात्री साडेनऊला संपते.

व्हिसाच्या कागदांत एक हमखास चूक होते. दोन खोल्या एकाच्या नावावर घेतल्या की बुकिंगच्या कागदावर एकच नाव येतं, आणि बाकी चौघांच्या अर्जाला राहण्याचा पुरावा उरत नाही. बुकिंगमध्ये पाचही नावं पासपोर्टप्रमाणे भरा, किंवा हॉटेलकडून पाचही नावांचं पत्र मागवा. अर्ज पुण्याच्या केंद्रात देता येतो, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. व्हिसा शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या आतल्या मुलांना ४५ युरो, केंद्राचा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आई-अण्णांच्या वयामुळे विम्याचा हप्ता जास्त येईल, तो बजेटमध्ये धरा.

साइटवर दिसणाऱ्या भावात ३.८ टक्के व्हॅट असतो, पण शहर कर बहुतेक वेळा नसतो. तो माणशी रात्रीमागे काही फ्रँक, गावागणिक वेगळा, आणि चेक-इनला तिथंच भरायचा. चार मोठी माणसं आणि सात रात्री धरल्या तर शंभराच्या आसपास जाऊ शकतो. लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी सूट आहे.

कार्ड यंत्रात घातलं की ‘रुपये की फ्रँक’ असं विचारतं. नेहमी फ्रँक निवडा. रुपये निवडले की यंत्र स्वतःच्या भावानं रूपांतर करतं आणि तो भाव चढा असतो. काही हॉटेलं चेक-इनला अनामत म्हणून रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ते जाणवत नाही, फॉरेक्स कार्डावर मात्र तेवढे पैसे काही दिवस वापरता येत नाहीत. म्हणून हॉटेलला क्रेडिट कार्ड आणि खरेदीला फॉरेक्स, असं वेगळं ठेवा. आगाऊ पैसे भरले असतील तर ज्या कार्डानं भरले तेच कार्ड सोबत हवं.

विश्रामबाग (सांगली)

शेवटचा प्रश्न. सकाळी साडेसहाला झुरिकला उतरून आठ-नऊपर्यंत बाझलच्या हॉटेलात पोहोचू. खोली तेव्हा मिळेल का? रात्रभराच्या प्रवासानंतर आई-अण्णांना आडवं व्हावंसं वाटेल.

कृष्णाकाठ (कराड)

खोली दुपारी दोन किंवा तीनला देतात. आदल्या रात्रीचा पाहुणा अकरा-बाराला जातो, त्यामुळे आठला मागून उपयोग नसतो. बॅगा मात्र कधीही ठेवून घेतात, त्याचे पैसे पडत नाहीत, आणि गेस्ट कार्डही लगेच मागून पाहा, बरीच हॉटेलं देतात. आदल्या रात्री हॉटेल रिकामं असेल तर थोड्या जादा आकारात अकराच्या सुमारास एक खोली मिळू शकते. तेवढी एक आई-अण्णांसाठी आधीच सांगून ठेवा. दोन्ही खोल्या मागितल्या तर नाही म्हणतील, एक मागितली तर प्रयत्न करतात. तोवर लॉबीतल्या सोफ्यांवर बसायला कोणी हरकत घेत नाही.

हॉटेलला एकच ईमेल दोनदा पाठवा, बुकिंग झाल्यावर आणि पुन्हा जाण्याच्या दहा दिवस आधी. त्यात बुकिंग क्रमांक, पाचही नावं, दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर शेजारी, आईंना शॉवर आणि आवाज नसलेली बाजू, मुलीचा तिसरा पलंग, पोहोचण्याची वेळ आणि एक खोली लवकर मिळाली तर हवी, एवढंच लिहा. वाक्यं लहान आणि मुद्द्याची ठेवा, लांबलचक पत्रातलं अर्धं वाचायचं राहून जातं. हॉटेलनं ‘नोंद घेतली’ एवढंच कळवलं तर ती विनंती धरतात, ‘पक्कं’ असा शब्द आला तरच खात्री समजायची. तिसऱ्या पलंगाबाबत मात्र पक्कं उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारा, आणि आलेलं उत्तर फोनमध्ये जतन करून ठेवा. रिसेप्शनला तेच दाखवायचं.